बोलोन्यातल्या घरगुती त्रात्तोरियात जेवायला जाताय? मग या क्रमाने करा

मी गेली सहा वर्षं बोलोन्यात राहते आणि दर मे महिन्यात पुण्या-मुंबईहून कुणी ना कुणी येतंच. मिलान, फ्लोरेन्स, व्हेनिस अशी ट्रिप असते, मध्ये बोलोन्या लागतं, फ्लोरेन्सहून ट्रेनने पाऊण तासाच्या आत पोचता येतं. मग सगळ्यांचं एकच असतं, "आम्हाला ते घरगुती हॉटेल दाखव ना जिथे हाताने पास्ता लाटतात." आणि दरवेळी त्याच चार-पाच चुका होतात. दार बंद मिळतं, शाकाहारी माणसाच्या ताटात डुक्कर येतं, नाहीतर पास्ता गार होईपर्यंत फोटो काढत बसतात. म्हणून आता नीट क्रमाने लिहून काढते. बोलोन्याचं लिहितेय कारण ते मला माहितीय, पण पार्मा, मोदेना, फेरारा, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच लागू पडेल.

एक गोष्ट आधीच सांगते. अशा ठिकाणी जेवण बिघडतं ते बहुतेकदा टेबलावर बसायच्या आधीच. त्यामुळे पहिल्या चार पायऱ्या मोठ्या आहेत, त्या गाळू नका.

१. जागा निवडणं

बोर्डावर त्रात्तोरिया लिहिलंय की ओस्तेरिया की रिस्तोरांते यावरून आता काहीच कळत नाही, तिन्ही शब्द कुणीही लावतं. बघायचं ते मेनूत. "पास्ता फात्ता इन कासा" म्हणजे घरी केलेला पास्ता. पण घरी केलेला म्हणजे मशीनच्या रोलरमधून काढलेला पण असू शकतो. "स्फोल्या तिराता आल मात्तारेल्लो" असं लिहिलं असेल तर मात्र हाताने लाटलेला. स्फोल्या म्हणजे अंडं आणि मैद्याची ती मोठी पातळ पोळी, साधारण १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं, पाणी नाही. मात्तारेल्लो म्हणजे लाटणं, पण आपल्या लाटण्यासारखं छोटं नाही, जवळजवळ हातभर नाही तर त्याहून लांब, कारण पोळी पोळपाटापेक्षा मोठी होते आणि ती लाटण्यावर गुंडाळत गुंडाळत ताणायची असते. लाटणारी बाई म्हणजे स्फोलिना. काही ठिकाणी सकाळी गेलात तर काचेतून ती लाटताना दिसते, आणि ज्याने लहानपणी आजीला शेवया किंवा गव्हले करताना पाहिलंय तो तिथे पाच मिनिटं उभा राहतोच राहतो.

लाकडी पाटावर लाकडी लाटण्याने लाटलं की पोळी खरखरीत होते. रागू, म्हणजे इथला मांसाचा घट्ट रस, किंवा लोणी त्या खरखरीला धरून राहतं. स्टीलच्या रोलरची पोळी गुळगुळीत असते, रस त्यावरून घसरून ताटाच्या तळाला जातो. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

मेनू छोटा हवा. पाच-सहा पास्ते, चार-पाच मटणा-मांसाचे प्रकार, बस. दहा भाषांमधला फोटोवाला मेनू, बाहेर उभा राहून बोलावणारा माणूस, आणि यादीत "स्पगेटी बोलोनीज" असेल तर पुढे चला. इथे रागू ताल्यातेल्लेवर घालतात, म्हणजे लांब सपाट पट्ट्यांवर, स्पगेटीवर नाही.

*तपासा:* मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात काही आहे का. पदार्थाच्या नावापुढे तारा असेल तर तो पदार्थ किंवा त्यातलं काहीतरी गोठवलेलं आहे असा अर्थ. भरलेला पास्ता स्वतःच करून गोठवून ठेवणारी चांगली घरं पण आहेत, त्यामुळे एका ताऱ्यावरून नाकारू नका, पण सगळ्याच नावांपुढे तारा असेल तर विचार करा.

२. वार, वेळ आणि महिना

इथे सगळ्यात जास्त माणसं आपटतात. दुपारचं जेवण साडेबारा ते साधारण अडीच. रात्रीचं साडेसातच्या पुढे. मधल्या वेळात किचन बंद असतं, आणि बंद म्हणजे बंदच, एक प्लेट पण मिळत नाही. माझी मावशी, काका आणि मुलं, सहाजण, एकदा संध्याकाळी पावणेसातला भुकेले पोचले, दाराला कुलूप, आतमध्ये घरातलीच माणसं स्वतःचं जेवत बसलेली दिसत होती काचेतून. मावशीला वाटलं आपल्याला मुद्दाम घेत नाहीयेत. तसं काही नसतं, तीच माणसं दुपारची भांडी आवरून रात्रीच्या आधी अर्धा तास टेकतात, दुसरा स्टाफ नसतो.

आठवड्यात एक दिवस सुट्टी असते, कुणाची सोमवारी, कुणाची मंगळवारी. रविवारी दुपारी इटालियन कुटुंबं आजीआजोबांना घेऊन येतात, तेव्हा बुकिंगशिवाय जाऊच नका, आणि रविवारी रात्री बरीच घरं बंद ठेवतात. ऑगस्टमध्ये १५ तारखेच्या फेरागोस्तो या सणाच्या आगेमागे दोन-तीन आठवडे "क्यूझो पेर फेरिये", म्हणजे सुट्टीसाठी बंद, अशी पाटी लावून सगळे गावाला जातात. आपल्या उन्हाळी सुट्टीत येणाऱ्यांनी २५ एप्रिल आणि १ मे या सुट्ट्या आणि ईस्टर लक्षात ठेवा, तेव्हा इटालियन लोकच बाहेर पडलेले असतात.

महिन्याप्रमाणे काय मागायचं तेही बदलतं. वसंतात अस्परागस आणि ओर्तिका नावाची, हाताला लागली तर खाज आणणारी पण शिजवून खातात ती हिरवी भाजी घातलेला पास्ता. दिवाळीच्या सुमारास आलात तर पोर्चिनी मशरूम आणि लाल भोपळा. रस्स्यातला पास्ता, म्हणजे इन ब्रोदो, हे थंडीतलं खाणं. जुलैत मेनूवर असलं तरी मी मागवत नाही.

३. घरातल्या प्रत्येकाचं चालतं-चालत नाही लिहून काढा

ही पायरी मराठी कुटुंबांसाठी सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि हीच सगळे सोडतात. "आम्ही व्हेज आहोत" एवढं सांगून काम होत नाही, कारण आपलं व्हेज आणि त्यांचं वेजेतारियानो एक नाही. त्यांच्या व्हेजमध्ये अंडं आहे, चीज कुठलंही आहे. आणि "कार्ने नको", म्हणजे मांस नको, म्हटलं तरी कधीकधी पांचेत्ता किंवा प्रोश्युत्तो हे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे प्रकार त्यांच्या डोक्यात मांसात मोजलंच जात नाही, "थोडंसंच आहे चवीला" असं मी स्वतः ऐकलंय, अगदी प्रेमाने सांगतात.

मग बसा आणि एकेकाचं लिहा:

अंडं चालतं का? बोलोन्याच्या ताज्या पास्त्यात अंडं असतंच. ताल्यातेल्ले, लाझान्ये, तोर्तेल्लोनी, सगळ्यात. अंडं काढून द्या असं सांगता येत नाही कारण पोळी सकाळीच लाटून झालेली असते. अंडं न खाणाऱ्यासाठी विचारायचं ते "पास्ता दी सेमोला", म्हणजे सुक्या रव्याच्या पास्त्याची स्पगेटी वगैरे, टोमॅटोच्या रसात. रोमान्याकडचा स्त्रोत्साप्रेती पण बहुतेकदा बिनअंड्याचा असतो, पण प्रत्येक घराचं वेगळं, विचारून घ्या. आणि हातचा पण बिनअंड्याचाच पास्ता खायचा असेल तर खरं सांगायचं तर त्यासाठी पुलिया प्रांत आहे, तिथली ओरेक्किएत्ते रवा आणि पाण्याची असते.

चीजचं काय? पार्मिजानो रेज्जानो हे चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध फाडणाऱ्या द्रव्याने, बनतं, तसाच त्याचा नियम आहे, त्याचा शाकाहारी प्रकार नसतो. ज्यांना हे चालत नाही त्यांना वरून न घालता देता येतं, पण भरलेल्या पास्त्याच्या सारणात ते आतच असतं, ते निघत नाही. बहुतेक घरी एक-दोन माणसं तरी असतात ज्यांना हे माहीतच नसतं आणि कळल्यावर वाईट वाटतं. आधी सांगा, त्यांना ठरवू दे.

बीफ? रागू म्हणजे गाय-बैलाचं मांस आणि डुकराची पांचेत्ता, दोन्ही. १९८२ साली बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्सकडे रागूची कृती नोंदवलीय त्यात हे दोन्ही आहे, आणि २०२३ मध्ये सुधारली तरी बीफ काही निघालेलं नाही. जे नॉनव्हेज खातात पण बीफ खात नाहीत ते "बोलोन्याला आलो तर रागू खायलाच हवा" म्हणून मागवतात आणि कुणी सांगतच नाही. त्यांनी ग्रामिन्या घ्यावी, छोट्या वळलेल्या नळ्या आणि डुकराचं सॉसेज, पण सॉसेज डुकराचंच ना हे एकदा विचारून. मान्त्सो म्हणजे बीफ, वितेल्लो म्हणजे वासरू, माइयाले म्हणजे डुक्कर, पोल्लो म्हणजे चिकन, कोनील्यो म्हणजे ससा. हे पाच शब्द पाठच करा. कोतोलेत्ता आल्ला बोलोन्येझे दिसायला आपल्या कटलेटसारखी वाटली तरी ती वासराची, वर प्रोश्युत्तो आणि पार्मिजानो.

डुक्कर? हे सगळ्यात लपून बसतं. स्त्रुत्तो म्हणजे डुकराची चरबी, ती तळणीत असते, तिजेल्ले आणि क्रेशेन्तिने या पाव-पुरीच्या प्रकारांत असते, पियादिना या पोळीसारख्या प्रकारात असते. फ्रिज्जोने नावाचा कांदा-टोमॅटोचा मऊ शिजवलेला प्रकार आपल्याला अगदी घरचा वाटतो, वाचून वाटतं शंभर टक्के व्हेज, पण जुन्या पद्धतीने तो पण स्त्रुत्तोतच करतात.

*सावधान:* तोर्तेल्लिनी आणि तोर्तेल्लोनी एकच समजू नका. शेवटच्या दोन अक्षरांत सगळं आहे. तोर्तेल्लिनी लहान, करंगळीच्या पेरापेक्षा लहान, आणि आत नेहमी डुकराचं मांस, प्रोश्युत्तो आणि मोर्तादेल्ला हे डुकराचंच मोठं सॉसेज. ही कृती १९७४ साली अशीच नोंदवलेली आहे, त्यामुळे "व्हेज तोर्तेल्लिनी आहे का" हा प्रश्न विचारू नका. क्रीममध्ये दिली तरी आतलं सारण तेच. तोर्तेल्लोनी मोठे, आत रिकोत्ता हे पनीरसारखं मऊ चीज, पार्मिजानो आणि पार्सली किंवा पालक. शाकाहारी, पण अंडं-पार्मिजानो चालणाऱ्या माणसासाठी बोलोन्यातली सगळ्यात चांगली डिश हीच, लोणी आणि सेज या सुगंधी वनस्पतीच्या पानांत, नाव "बुर्रो ए साल्विया". मात्र बाल्लान्झोनी हा हिरव्या पोळीचा भाऊ असतो, दिसायला तोर्तेल्लोनीसारखाच, आणि त्यात रिकोत्तासोबत मोर्तादेल्ला म्हणजे डुक्कर घालतात.

*सावधान:* ब्रोदो. रस्सा नेहमी मांसाचा असतो, कोंबडा किंवा बीफ. पास्सातेल्ली हे पावाचा चुरा, अंडं आणि चीजचे शेवेसारखे दोरे, त्यात मांस नसतं, म्हणून मी एकदा माझ्या शुद्ध शाकाहारी काकूंना ते सांगितलं आणि रस्स्याचा विचारच केला नाही. अर्धा बाऊल झाल्यावर वेटरच्या बोलण्यावरून कळलं. काकू काही बोलल्या नाहीत, चमचा खाली ठेवला फक्त. ते मला अजून खातं. तेव्हापासून मी हा एक प्रश्न प्रत्येक वेळी विचारते, मेनूत काहीही लिहिलेलं असो.

जैन किंवा कांदा-लसूण न खाणारं कुणी असेल तर टोमॅटो सॉसमध्ये कांदा धरूनच चाला, अंडं-पार्मिजानो चालत असेल तर लोणी-सेजचे तोर्तेल्लोनी हाच त्यातल्या त्यात मार्ग, पण सारणात लसूण आहे का हे विचारायला लागेल.

४. फोन करणं

बुकिंग फोनवर. वेबसाइट असली तरी फोन करा, कारण वरच्या यादीतलं सगळं याच वेळी सांगायचंय. टेबलावर बसल्यावर सांगितलं तर ते बिचारे धावपळीत काहीतरी सॅलड आणून देतात. आदल्या दिवशी सांगितलं तर विचार करायला वेळ मिळतो, माझ्या घराजवळच्या जागेत मी दोन दिवस आधी सांगते तर आजीबाई बिनमांसाचं काहीतरी आपणहून बाजूला काढून ठेवतात.

भारतीय नंबरवरून लावताना एक चूक हमखास होते. आपल्याला सवय आहे की देशाचा कोड लावला की शहराच्या कोडमधला शून्य गाळायचा. इटलीत लँडलाईनचा शून्य गाळायचा नाही. बोलोन्याचा कोड ०५१, म्हणजे अधिक ३९ आणि पुढे ०५१ असंच पूर्ण.

फोन करायची वेळ सकाळी साडेदहा-अकरा किंवा दुपारी साडेतीननंतर. ऐन जेवणाच्या वेळी उचलणारा माणूस हातात चार ताटं घेऊन उभा असतो. आणि बोलायचं असं:

"बोनजोर्नो, वोर्रेई प्रेनोतारे उन तावोलो पेर क्वात्रो, साबातो सेरा, आल्ले वेन्ती." म्हणजे शनिवारी रात्री आठ वाजता चौघांसाठी टेबल. वेळ चोवीस तासांच्या घड्याळाने सांगतात, आठ म्हणजे वीस, वेन्ती.

नाव सोपं द्या. देशपांडे, कुलकर्णी फोनवर लिहून घेणं त्यांना जमत नाही, आशा किंवा रवी असं घरातल्या कुणाचंही छोटं नाव द्या.

मग खाण्याचं: "उना पेर्सोना नोन मांजा कार्ने, ने पेशे, ने ब्रोदो दी कार्ने, ने स्त्रुत्तो." एक माणूस मांस, मासे, मांसाचा रस्सा आणि चरबी खात नाही. अंडंपण नको तर शेवटी "ने उओवा" जोडा. हेच वाक्य फोनमध्ये इटालियनमध्ये टाईप करून ठेवा, टेबलावर परत दाखवायचंय.

*तपासा:* फोन ठेवायच्या आधी वार, वेळ, माणसं हे तिन्ही त्यांच्याकडून परत वदवून घ्या. जायचं रद्द झालं तर दोन मिनिटं काढून फोन करा. आठ-दहा टेबलांच्या जागेत सहा माणसांचं टेबल रिकामं राहिलं तर त्या घराची त्या रात्रीची कमाई जाते, आणि पास्ता तेवढ्या माणसांचा लाटलेला असतो.

५. पोचल्यावर

आत शिरताच मोठ्याने "बोनासेरा" म्हणायचं, टेबलाकडे सरळ चालत जायचं नाही, कुणीतरी येऊन नेईपर्यंत दाराशी थांबायचं. बसल्यावर पहिला प्रश्न पाण्याचा, नातुराले म्हणजे साधं, फ्रिज्जांते म्हणजे सोड्यासारखं. बाटली येते आणि तिचे पैसे लागतात. नळाचं पाणी इथे पिण्यासारखं असतं पण जेवायला बसल्यावर ते मागायची रीत नाही, बाटलीला दोन-तीन युरो पडतात, ते धरून चाला.

पाव येतो. पाव खाऊन पोट भरू नका, भुकेल्या मुलांना विशेष सांगा. एक तुकडा शेवटासाठी राखून ठेवायचा.

६. मेनू कसा वाचायचा

अंतिपास्तो (सुरुवातीचं खाणं), प्रीमो, सेकोन्दो, कोन्तोर्नो, दोल्चे (गोड). प्रीमो म्हणजे पास्ता, हाच पोटभरीचा. सेकोन्दो म्हणजे मांसाचा प्रकार, आणि तो ताटात एकटा येतो, बटाटे-भाजी हवी तर कोन्तोर्नोमधून वेगळी मागवायची. पास्ता सेकोन्दोच्या सोबत भातासारखा खायचा नसतो, आधी तो संपतो, ताट जातं, मग दुसरं येतं.

सगळं मागवायलाच पाहिजे असं बंधन नाही. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक मराठी माणसांना एक प्रीमो, दोघांत एक कोन्तोर्नो आणि एक गोड एवढं पुरतं. प्रीमो साधारण १२ ते १६ युरोला पडतो.

दोन शब्द फसवतात. पेपेरोनी म्हणजे ढोबळी मिरची, सॉसेज नाही. तिखट हवं तर पेपेरोंचीनो. पण याबद्दल माझं मत सांगते, बॅगेतली चटणीची पुडी किंवा ठेचा निदान पहिले पाच घास तरी काढू नका. त्या लोण्यात सेजचा वास असतो, सारणात जायफळ असतं, इतकं हलकं असतं की वर तिखट आलं की काहीच उरत नाही, आणि त्यासाठीच तर एवढ्या लांब आलो.

७. ऑर्डर देताना क्रम

आधी वेटरला फोनवरचं वाक्य परत दाखवा आणि म्हणा की मी फोनवर सांगितलं होतं. किचनपर्यंत निरोप पोचला असेलच असं नाही. मग त्या माणसाची डिश पहिली ठरवा, बाकीच्यांची नंतर. आपल्याकडे उलटं होतं, सगळ्यांचं झालं की शेवटी "आणि हिच्यासाठी काहीतरी व्हेज", आणि तोवर वेटरचं लक्ष गेलेलं असतं.

भरलेल्या पास्त्यासाठी प्रश्न: "चे कार्ने नेल रिप्येनो?" सारणात मांस आहे का. रस्स्यासाठी: "इल ब्रोदो ए दी कार्ने?"

वाटून खायचं असेल तर काय? आपण चार प्लेट मागवून मध्ये ठेवतो. इथे पास्ता मध्ये ठेवून चौघांनी उपसला तर तो तीन मिनिटांत गार आणि चिकट होतो. त्याऐवजी "बिस दी प्रीमी" आहे का विचारा, म्हणजे दोन पास्ते अर्धे-अर्धे प्रत्येकाच्या ताटात, बहुतेक ठिकाणी निदान दोन माणसांनी घ्यावं लागतं. किंवा मेत्सा पोर्त्सियोने, अर्धी प्लेट. अंतिपास्तो, भाज्या, गोड हे मात्र खुशाल वाटून घ्या, "उन प्यात्तो इन प्यू, पेर फावोरे" म्हटलं की रिकामी जास्तीची प्लेट मिळते. चौघांत मिळून एकच पास्ता असं मात्र करू नका, टेबल त्या रात्रीपुरतं तुमचंच असतं आणि सहसा दुसऱ्या कुणाला देत नाहीत.

कुणी प्रीमो घेतंय आणि कुणी फक्त सेकोन्दो, तर "तुत्तो इन्स्येमे" सांगा, सगळं एकत्र आणा. न सांगितल्यास एकजण रिकाम्या टेबलाकडे बघत बसतो आणि बाकीचे संकोचून थांबतात, दोघांचंही गार होतं.

लहान मुलं आणि पोट बिघडलेल्या माणसासाठी "पास्ता इन ब्यांको", नुसता लोणी-चीजचा, मेनूत नसला तरी करून देतात.

८. ताट समोर आल्यावर

ज्याचं आलं त्याने सुरू करायचं. फोटो एक काढा आणि काटा उचला. ताजा पास्ता दोन-तीन मिनिटांत शिजतो आणि तितक्याच लवकर बिघडतो, पोळी पातळ असते, ती रस पिऊन फुगते. आमच्याकडे सगळ्यांची ताटं वाढून होईपर्यंत थांबायची रीत आहे ना, ती इथे एकदा बाजूला ठेवा.

ताल्यातेल्ले सुरीने कापायचे नाहीत. काट्यावर तीन-चार पट्ट्या घ्या, ताटाच्या कडेला टेकवून फिरवा, जास्त घेतल्या की गोळा होतो. चमचा लागत नाही.

*तपासा:* हातचा आहे का ते आता कळतं. पट्ट्या एकसारख्या नसतात, एखादी रुंद एखादी अरुंद, कडा सरळ नसतात. शिजल्यावर ताल्यातेल्लेची रुंदी ८ मिलिमीटर असावी असं १९७२ साली नोंदवून ठेवलंय, पण हाताने कापताना इकडेतिकडे होतंच आणि ते चांगलं लक्षण आहे. जिभेवर किंचित खरखर लागते. आणि ताट संपल्यावर तळाशी रसाचं तळं उरत नाही.

चीज रागूवर, लोण्याच्या पास्त्यावर घाला. माशाच्या पास्त्यावर मागू नका. शेवटी राखून ठेवलेला पावाचा तुकडा घेऊन ताट पुसून खायचं, याला स्कार्पेत्ता म्हणतात. मोठ्या हॉटेलात लोक टाळतात, इथे घरात करतात आणि आतून आजीबाई बघत असतील तर त्यांना बरं वाटतं.

९. गोड आणि कॉफी

इथे पण शाकाहारी माणसाने थांबून विचारायचं. पान्ना कोत्तामध्ये जिलेटिन असतं. झुप्पा इंग्लेझे, कस्टर्ड आणि केकचे थर, त्यात अल्केर्मेस नावाचं लाल मद्य असतं. तिरामिसूत अंडं कच्चं असतं बहुतेकदा. तोर्ता दी रीझो, दूध-भात-बदामाचा घट्ट केक, आपल्या खिरीची आठवण करून देतो, अंडं असतंच आणि बरेचदा वरून मद्याचा हात फिरवलेला असतो.

कॉफी गोड संपल्यावर येते, सोबत नाही. "काफे" म्हटलं की एस्प्रेसो येतो. जेवणावर कापुचीनो मागितला तर देतात, पण दूध पोटावर जड असं त्यांचं म्हणणं, म्हणून चेहरा थोडा काळजीचा होतो. नुसतं "लात्ते" म्हणालात तर दुधाचा ग्लास येईल.

१०. बिल

मागितल्याशिवाय बिल येत नाही. कुणी विसरलेलं नसतं, न मागता बिल ठेवणं म्हणजे उठा म्हणण्यासारखं. "इल कोन्तो, पेर फावोरे", किंवा सरळ उठून गल्ल्यापाशी जा, घरगुती जागेत बरेचजण तसंच करतात.

बिलात कोपेर्तो असा आकडा असतो, माणशी दीड ते तीन युरो. ते पाव आणि टेबलाचे, मेनूवर लिहिलेले असतात. त्यावरून भांडू नका, माझ्यासमोर दोनदा भांडण झालंय आणि दोन्ही वेळा मेनूच्या शेवटच्या पानावर आकडा छापलेला होता. टीप बंधनकारक नाही, खूप आवडलं तर एक-दोन युरो ठेवा.

प्रत्येकाचं वेगळं बिल मागू नका, एकाने द्या आणि बाहेर हिशोब करा. कार्ड घेणं दुकानदारांना कायद्याने बंधनकारक आहे पण थोडी रोख जवळ असू द्या, जुन्या इमारतीत मशीनला रेंज नसते. छापील पावती, स्कोन्त्रीनो, घ्या.

आणि निघताना किचनच्या दाराकडे बघून "एरा तुत्तो बुओनो, ग्रात्सिये" म्हणा. पोळी लाटणारी बाई सकाळी उठून आलेली असते आणि टेबलापर्यंत ती सहसा येत नाही, तिला आवाज जाईल एवढ्या मोठ्याने म्हणा.